वरपक्षाची खोली

शिऱ्या, तुझ्या शोकसभेत माझा चौकोन सगळ्यात खाली होता, डाव्या कोपऱ्यात.

पडद्यावर बसून शोक करायची ही पद्धत तुमच्याच धंद्याने आणली, तेव्हा तक्रार तुझ्याकडेच करतो. सगळ्यात वर, मधोमध, कोण? ग्रॅहम. पांढरी दाढी, निळा शर्ट, डोळे लाल. तो तुझ्याविषयी इतकं सुंदर बोलला की मला त्याचा रागच आला. मध्ये थांबला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हौशी नाटकांत मी हेच इतक्यांदा केलं आहे की समोरच्याचं खरं का खोटं ते मला लगेच कळतं. खरं होतं. म्हणून जास्त जळफळाट झाला.

मग माझी पाळी आली. मी घसा साफ केला, उपरणं सारखं केलं, हात पसरून सुरुवात केली. चांगली चार-पाच वाक्यं झाल्यावर तुझी नोरा म्हणाली, "दादा, आवाज." माझा आवाज बंदच होता. कोणालाही काहीही ऐकू गेलेलं नव्हतं. तू असतास तर ओरडला असतास, 'विज्या, आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलास, तेही चुकून!'

आवाज सुरू केला तर तो फुटला. त्यामुळे तुझ्याविषयी चांगलं बोलायचं राहून गेलं, आणि आता मी ते बोलणार नाही. त्यासाठी ग्रॅहम आहे. मी भांडायला बसलोय. आपलं भांडण अर्धवट टाकून निघून जाणं ही तुझी जुनी खोड, पण या वेळी तू फार लांब गेलास.

भांडण कशावरून, ते तुला पाठ आहे. तरी मी पहिल्यापासून सांगणार, कारण गोष्ट मधूनच सुरू केलेली मला चालत नाही.

स्वारगेटला उतरून पायी यावं इतक्या अंतरावर आमचं मंगल कार्यालय. त्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या. वरच्या मजल्यावर वरपक्षाची. तिला दोन खिडक्या, गाद्या, लोड, पुरुषभर उंचीचा आरसा आणि खरोखर फिरणारा पंखा. वधूपक्षाची खोली खाली, भटारखान्याला लागून. तिची एक भिंत बारा महिने गरम. पंखा होता, पण तो शोभेचा. कोणी तक्रार केली की माझे वडील शांतपणे विचारायचे, "वधूपक्षाला बसायला वेळ असतो कुठे?" पुण्यात या वाक्यावर कोणी पुढे वाद घालत नसे.

मी कुठल्याच खोलीतला नव्हतो. मी मालकाचा मुलगा, म्हणजे दोन्ही पक्ष ज्याच्यावर ओरडतात तो तिसरा पक्ष. वरच्यांना चहा थंड मिळाला की मी, खालच्यांचं पाणी संपलं की मी. माझं स्वतःचं लग्नही तिथेच झालं. मुंडावळ्या बांधलेल्या, अंगावर शेला, आणि मी जिलबीचा पाक बघायला भटारखान्यात. गुरुजी नवऱ्याला शोधत होते. माझी बायको हे अजून प्रत्येक पाहुण्याला सांगते, चहा यायच्या आधी.

तू आमच्याकडे आलास तो संगणकामुळे. देश उघडला, देश उघडला असं सगळे म्हणत होते. आमच्याकडे माडीवरची मागची खोली उघडली. वडिलांनी ती एका संगणक वर्गाला भाड्याने दिली, आणि वर्गवाल्यांनी आल्या आल्या तिथे एसी बसवला. कार्यालयात नवरी घामाने निथळतेय, वरमाई पदराने वारा घेतेय, आणि माडीवर चार यंत्रं गारव्यात बसलीयत! वडील म्हणाले, "या घरात पहिल्यांदाच माणसांपेक्षा मोठा वरपक्ष आलाय."

त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. देवळात जातात तसं. धुळीने म्हणे यंत्रं बिघडत. त्यामुळे जिन्यात विद्यार्थ्यांच्या चपला आणि वऱ्हाडाच्या चपला यांचा एकच ढीग. एकदा तुझ्या वर्गातला एक विद्वान नवरदेवाचे बूट घालून घरी निघून गेला. इकडे नवऱ्याकडचे लोक मेव्हण्यांवर बूट लपवल्याचा संशय घेत बसले, मेव्हणे शपथा घेऊ लागले, आणि नवरदेव शेवटी तुझ्या रबरी चपला घालून वरातीला निघाला. तू अनवाणी, जिन्यात उभा राहून हसत होतास. आपली मैत्री त्या दिवशी झाली. चपलेविना घरी जाता येईना म्हणून तू शेवटच्या पंगतीला बसलास आणि मग दर मुहूर्ताला बसतच राहिलास.

मीही त्या वर्गात नाव घातलं होतं, हे लोकांना खरं वाटत नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची. ती तुझ्याशी बोलायची, माझ्याशी नाही. लग्नसराई आली, मी खाली उतरलो. तू वर राहिलास. तिथूनच मी तुझ्यावर जळायला लागलो आणि मला ते काम चांगलं जमलं. तुझ्या गारव्यावर जळलो. तुझ्या इंग्रजीवर जळलो. तुझ्या केसांवर तर शेवटपर्यंत जळलो. माझं छप्पर तिशीतच उडालं, आणि शोकसभेत लावलेल्या तुझ्या फोटोतसुद्धा जावळ काढायला यावं इतके केस. हा निव्वळ पक्षपात आहे.

एका दुपारी जिन्यात आपण मठ्ठा पीत बसलो होतो. वरच्या खोलीतून कोणी तरी माझ्या नावाने ओरडत होतं. तू म्हणालास, "विज्या, माझं लग्न इथेच करायचं."

"कर की. तारीख सांग."

"ऐक. त्या दिवशी तू कामाला हात लावायचा नाही. वरच्या खोलीत, गादीवर, लोडाला टेकून, पाय पसरून बसायचं. मी नवरा, तू वरपक्ष. चहा थंड आला म्हणून ओरडायचं."

"ओरडू कोणावर?"

"तुझ्या वडिलांवर!"

मठ्ठा माझ्या नाकात गेला. पण शिऱ्या, मी ते खरं धरलं. हजारो लग्नं पाहिलेल्या माणसाला एकाच लग्नात पाहुणा व्हायचं होतं. पुढे कितीदा तरी, खोली रिकामी असली की मी त्या गादीवर बसून बघितलं. कुठल्या लोडाला टेकायचं तेही ठरवून ठेवलं.

मग तुम्ही सगळे उडालात. दोन हजार साल उजाडलं की जगातली यंत्रं बंद पडणार, अशी आवई उठली होती, आणि ती वाचवायला पुण्याच्या पेठापेठांतून पोरं परदेशी निघाली होती. दर आठवड्याला कोणाच्या तरी बॅगेला दोरी बांधायला मी जायचो. तुझ्याही बांधली. यंत्रं वाचली, पोरं परत आली नाहीत.

आणि एक दिवस तुझा फोन. "विज्या, लग्न करतोय."

मी तारखांची वही पुढे ओढली. "कुठली तारीख अडवू?"

"अरे, इथेच. पर्थजवळ. समुद्रावर."

"समुद्रावर म्हणजे बोटीत?"

"वाळूत. अगदी साधं. कार्यालय नाही, मांडव नाही, विधी नाहीत. उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे, मग खायचं. चपला घालायच्या नाहीत. नोरा नाव तिचं, शाळेत शिकवते. तू येणार ना?"

मी तुला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की फोन ठेवून वरच्या खोलीत गेलो आणि पंखा बंद केला. माणसाने माणसावर जळावं, हे ठीक आहे. मी एका समुद्रावर जळत होतो. माझ्या हातचं लग्न त्याने पळवलं होतं, तेही खोल्या नसताना, भटारखाना नसताना.

तुझ्या आईने, आमच्या काकूंनी, यायला साफ नकार दिला. "वाळूत का कुठे लग्न लावतात? मी नाही यायची. तू जा विजय, आणि निदान चार अक्षता पडतील एवढं बघ."

म्हणून मी पूर्ण तयारीने निघालो. रेशमी धोतर, उपरणं, बांधलेला फेटा. पिशवीत हळकुंडं, सुपाऱ्या, नारळ आणि काकूंनी स्वतः रंगवलेल्या अक्षता. पर्थच्या विमानतळावर एका बाईने ती पिशवी उघडायला लावली. मी तिला एकेक वस्तू समजावून सांगितली, साभिनय. नवरा झालो, नवरी झालो, गुरुजीही झालो. तिने मन लावून ऐकलं, खूप हसली, छान आहे म्हणाली आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यांच्या देशात बाहेरचं धान्य चालत नाही. नारळ मात्र तिने दोन्ही हातांनी, अगदी आदराने टाकला. एक कुंकवाची डबी तेवढी वाचली. अंतरपाट तर मी आणलाच नव्हता, तो पुण्यात गल्ल्याशेजारी घडी घालून ठेवलेला राहिला. कार्यालयवाला सख्ख्या मित्राच्या लग्नाला जाताना अंतरपाट विसरला! हे तू पुढे इतक्या जणांना सांगितलंस की माझी दोन-तीन गिऱ्हाइकं गेली असतील.

आणि तो किनारा. वारा असा की बोललेलं वाक्य ऐकणाऱ्याच्या आधी तिसऱ्याकडे पोचावं. तुझ्या ऑफिसातले झाडून सगळे अर्ध्या विजारीत, आणि मधून मी येतोय, फेटा, धोतर, उपरणं, अनवाणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, करमणुकीचा कार्यक्रम सुरू झाला. मीही वाकून अभिवादन केलं. टाळ्या मी कधी परत पाठवत नाही.

तू पांढऱ्या कुडत्यात, डोक्यावर गवती टोपी. शेजारी एक धिप्पाड गोरा, सारखा खिसा चाचपणारा. तू म्हणालास, "हा ग्रॅहम. इथे नवऱ्याचा सगळ्यात जवळचा मित्र त्याच्या शेजारी उभा राहतो. अंगठ्या सांभाळतो."

शिऱ्या, इतकं सरळ वाक्य तू इतक्या सहज कसं बोललास? मी दोन विमानं बदलून आलो होतो. मी म्हणालो, "बरं. मी तुझ्या दुसऱ्या बाजूला उभा राहतो."

तू मला जरा बाजूला नेलंस. "विज्या, तू नोराच्या बाजूला उभा राहा ना."

"का?"

"तिच्याकडून आई सोडून कोणी नाही रे. वडील नाहीत, भाऊ नाही. बाकी सगळे माझ्या ऑफिसचे. तिकडे नुसती वाळू दिसतेय, बघ."

"मी पुण्याहून वरपक्षाकडून आलोय!"

"माहिती आहे."

"मग ग्रॅहमला पाठव तिकडे."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, की मी काही तरी अगदीच मूर्खासारखं बोललो असावं. "ग्रॅहमला कान पिळता येतो का?"

"म्हणजे?"

"अंगठी कोणीही धरेल. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो, तो आपला माणूस लागतो. विधी नाहीत म्हणालो होतो, पण तेवढा एक पाहिजे. आईला सांगता येईल."

मी गेलो. वाळूत धोतर सावरत, पाय आपटत गेलो, पण वाळूत पाय आपटलेले कोणाला ऐकू येत नाहीत. तिकडे छत्रीखाली खुर्चीत नोराची आई, आणि शेजारी नोरा, केसांत पिवळी फुलं खोवलेली. तिने माझा हात धरला आणि तू शिकवलेला एकच शब्द उच्चारला. "दादा."

तिचा हात थरथरत होता. हे मला नवीन नव्हतं. खालच्या गरम भिंतीच्या खोलीत असे कितीतरी हात मी पाहिले होते, पाणी द्यायला गेल्यावर. माझं इंग्रजी बेताचं. मी म्हणालो, "घाबरू नकोस. मी रोज लग्नं लावतो." तिला ते कळलं असेल असं वाटत नाही, पण थरथर थांबली. माझी जळजळ थांबली नाही, हेही सांगून ठेवतो.

अंतरपाट म्हणून आंघोळीचा एक मोठा पंचा मिळाला. त्यावर हे एवढं पोपटाचं चित्र. एक टोक माझ्या हातात, दुसरं ग्रॅहमच्या. मी मंगलाष्टकं सुरू केली आणि वाऱ्याने पोपट उचलून ग्रॅहमच्या तोंडावर टाकला. त्याने पंचा सोडला नाही. आत गुदमरत होता, पण सोडला नाही. माणूस म्हणून तेव्हाच मला तो आवडायला हवा होता. 'सावधान' हा शब्द तुझ्या ऑफिसला फार आवडला. पहिल्या कडव्यानंतर सगळे एका सुरात ओरडायला लागले. दुकानातून आणलेल्या तांदळाला डबीतलं कुंकू लावून केलेल्या अक्षता उडाल्या आणि आकाशातून पांढरे पक्षी उतरले. पन्नासेक असतील. तुम्हा दोघांच्या पायाशी, माझ्या फेट्याशेजारी, चोचीचोचीने अक्षता टिपून मोकळे. काकूंना मी फोनवर सांगितलं, "अक्षता पडल्या." पडल्यावर पुढे काय झालं ते सांगितलं नाही.

मग कान. शिऱ्या, मी तुझा कान पिळला तो वरच्या खोलीसाठी पिळला. समुद्रासाठी एक वळसा, ग्रॅहमसाठी एक. "आई गं! विज्या, सोड!" लोकांना वाटलं, हाही विधीचाच भाग आहे. कान पिळल्यावर नवऱ्याने मेव्हण्याला काही द्यायचं असतं. तुझे खिसे रिकामे. तू डोक्यावरची गवती टोपी काढलीस आणि माझ्या फेट्यावर बसवलीस. लोकांना कानपिळीला सूट मिळतात. मला तू टोपी घातलीस.

जेवण म्हणजे भाजलेले मासे, पाव आणि पानापानांचं काही तरी. पंगत नाही, वाढप नाही. माणसं वाळूत बसून जमेल तसं खातायत. मला बघवेना. मी एक परात उचलली आणि वाढायला लागलो. "घ्या, घ्या, लाजू नका." मागे वळून पाहतो तर ग्रॅहम पाल्याचं भांडं घेऊन माझ्या मागोमाग, आणि तोही म्हणतोय, "घ्या, घ्या." तू लांबून ओरडलास, "विज्या, बस की रे आता!"

मी ओरडून सांगितलं, "वधूपक्षाला बसायला वेळ असतो कुठे?"

तू इतका हसलास की नोरा घाबरली. ते हसणं मला अजून ऐकू येतं. पण हसून तू विषय संपवलास, आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तारा झाली तेव्हा मी फोनवर म्हणालो, "काका झालो रे!" तू म्हणालास, "मामा. अभिनंदन, मामा." मी नवऱ्याचा मित्र, म्हणून काका. तू म्हणायचास, नवरीचा भाऊ, म्हणून मामा. तारा बोलायला लागल्यावर मी तिला चॉकलेट दाखवून 'काका' म्हणायला शिकवायचा डाव टाकला. ती म्हणाली, "मामा, चॉकलेट." तुझी पोरगी.

नोराने ते नातं अगदी मनावर घेतलं. तुमचं बिनसलं की तिचा फोन मला. "दादा, तुझा शिरीष ऐकत नाही." 'तुझा' म्हणायची, आणि मी तिची बाजू घ्यायची! घेतलीही. भावाला दुसरा इलाज नसतो. खराडीच्या त्या काचेच्या इमारतींत तुझं काही काम निघालं तेव्हा तुम्ही आमच्याकडे उतरलात. नोरा शेजाऱ्यांना सांगत फिरली, "हे माझं माहेर." आणि तेव्हा नेमका अधिक महिना. अधिकात जावयाला अनारशांचं वाण देतात. माझ्या बायकोने चांदीच्या ताटात अनारसे काढले, वर दिवा ठेवला आणि तुला पाटावर बसवलं. माझ्या घरात, माझ्या पाटावर, माझ्या बायकोच्या हातचे अनारसे, आणि तू जावई! मी शेजारी उभा, हातात पाण्याचा तांब्या. तू एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मेव्हणे, पाणी जरा गार नाही का?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. हसून हसून, आणि जळूनही.

कितीदा विचारलं तुला, की मला तिकडे का ढकललंस? दर वेळी एकच. "तिला भाऊ नव्हता रे." मी म्हणायचो, ही सबब आहे. खरं काय ते सांग. तुझा जवळचा माणूस कोण, मी का तो अंगठीवाला? तू हसायचास, आणि विषय खराडीच्या गर्दीवर न्यायचास.

आणि आपलं शेवटचं भांडण. ताराचं लग्न ठरलं, त्याच किनाऱ्यावर, तशाच साध्या पद्धतीने, हे तू सांगितलंस. मी म्हणालो, "या वेळी मी वरपक्षाकडून येणार. मुलाशी ओळख काढतो. त्याचा मित्र होतो, काका होतो, कुत्रा फिरवतो त्याचा. पण वरपक्ष." तू म्हणालास, "मामाने मामासारखं यावं." मी म्हणालो, "मग मी येतच नाही." आणि फोन ठेवला. मला वाटलं, तू आठ दिवसांत मनधरणीचा फोन करशील. नेहमी करायचास. आठ दिवसांनी फोन आला, पण तो नोराचा होता. "दादा, शिरीष गेला." पुढचं तिला मराठीत येत नव्हतं आणि मला इंग्रजीत. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.

शोकसभा संपल्यावर ताराने फोन केला. लग्न पुढे ढकलायचं नाही, असं आईने सांगितलं म्हणाली. बाबाला ढकललेल्या तारखा आवडत नसत. मग म्हणाली, "मामा, तू येणार ना? माझ्या मागे कोण उभं राहणार?"

"मागे?"

"बाबाने सांगितलंय. मंगलाष्टकं सुरू असताना नवरीच्या मागे मामा लागतो. मामा घेऊन आल्याशिवाय नवरी पुढे येत नाही. आणि काकाला लग्नात काही कामच नसतं म्हणे. खरं का?"

मी आयुष्यभर लग्नं लावली, शिऱ्या. काका कार्यालयात काय करतो ते मला विचार. सुपारी कातरतो, पंख्याखालची खुर्ची धरतो, आणि जेवण कधी म्हणून मला विचारतो. हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मी तिला म्हणालो, "तुझ्या बाबाने मला मामा का केलं, ते तुला ठाऊक आहे?"

"हो. मी लहानपणीच विचारलं होतं." तिला आश्चर्य वाटलं. "तुला सांगितलं नाही? तो म्हणाला, माझे पुण्याचे सगळे मित्र सुटले. आधी फोन, मग दिवाळीला मेसेज, मग तेही नाही. विज्या मित्र राहिला असता तर तोही असाच सुटला असता. म्हणून त्याला नात्यात अडकवून टाकला. आता तो रुसेल, भांडेल, फोन आपटेल, पण सुटणार नाही."

माझा आवाज या वेळीही बंद आहे असं तिला वाटलं असावं, कारण ती 'हॅलो, हॅलो' करत राहिली. खरं सांगू? पहिल्यांदा मी तिच्यावर जळलो. हे तू तिला सांगितलंस, आणि मला नाही. दुसऱ्यांदा मी मागच्या सगळ्या वर्षांतले रुसवे आठवले. दर रुसव्यानंतर आलेला तुझा फोन आठवला. ग्रॅहमला तू रोज भेटत होतास, तेव्हा त्याला कशाला बांधायला हवं होतं? मला बांधलंस. बांधताना कान माझ्याच हातात दिलास, म्हणजे मला कळूही नये, की पिळला कोण जातोय.

दुसऱ्या दिवशी ग्रॅहमचा फोन. त्याची अडचण वेगळीच. ताराला भाऊ नाही, मग तिच्या नवऱ्याचा कान कोण पिळणार? त्याने आपण होऊन ते काम अंगावर घेतलं होतं आणि कसं करायचं ते मला विचारत होता. मी त्याला पडद्यावर शिकवलं. "वरून धर. आता वळव. अरे, कुरवाळतोस काय?" त्याने स्वतःचाच कान धरला होता. पिळता पिळता रडायला लागला. मी म्हणालो, "हं, आता बरोबर." मग मीही रडलो. तेव्हा तुझा जवळचा मित्र कोण, हा प्रश्न आम्ही दोघांनी तात्पुरता बाजूला ठेवला आहे. कायमचा नाही.

गवती टोपी गल्ल्यावरच्या खिळ्यावरून काढली आहे. सुपाऱ्या, नारळ नेत नाही. विमानतळावरच्या त्या बाईला पुन्हा एवढं हसवायला माझ्याकडे बळ नाही. अंतरपाट मात्र आठवणीने घेतलाय. बॅगेला दोरी बांधताना एक गोष्ट लक्षात आली. मुलीचा बाप म्हणजे वधूपक्ष. मामा म्हणजे वधूपक्ष. या वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तू आणि मी एकाच बाजूला उभे राहणार होतो. मी तुझ्याशी हेच नको म्हणून भांडलो, आणि तू हे माहीत असून मला बोलला नाहीस.

नोराने किनाऱ्यावर आपल्या लोकांसाठी एक लाकडी खोली घेतली आहे. कपडे बदलायला, घटकाभर टेकायला. खोलीचा फोटो पाठवलाय. मासे भाजायच्या भट्टीला लागून आहे. पंखा नाही. एक भिंत नक्की गरम असणार.

आपली खोली आहे, शिऱ्या. दोन खुर्च्या मांडायला सांगितल्या आहेत. तुझ्या खुर्चीवर टोपी ठेवून मी वाढायला जाईन. लांबून 'बस की रे आता' म्हणून ओरडू नकोस.